कोल्हापुरातील संगीत महोत्सव आर्थिक अडचणीमुळे रद्द : तिकिटाचे पैसे परत मिळवण्याचा मार्ग कोणता?

शाहूपुरीची श्रोती (प्रश्न)

नमस्कार. पुणे-बंगळूर महामार्गालगत, शहराबाहेरच्या एका मोकळ्या जागेत या हिवाळ्यात दोन दिवसांचा संगीत महोत्सव होणार होता. आयोजक स्थानिक आहेत, त्यांच्यामागे कोणतीही मोठी कंपनी नाही आणि याआधीचे त्यांचे कार्यक्रम चांगले झालेले आहेत, म्हणून मी निर्धास्तपणे चार तिकिटे काढली. प्रत्येक तिकीट २,३६० रुपयांचे, म्हणजे मूळ दोन हजार आणि त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर. दोन तिकिटे मी तिकीटविक्रीच्या संकेतस्थळावरून क्रेडिट कार्डाने घेतली आणि त्यावर सुविधा शुल्क वेगळे भरले. उरलेली दोन राजारामपुरीत आयोजकांनी मांडलेल्या टेबलावर क्यूआर कोड स्कॅन करून घेतली.

कार्यक्रमाला थोडे दिवस उरले असताना आधी ‘अपरिहार्य कारणामुळे तारखा पुढे ढकलत आहोत’ असा संदेश आला. त्यानंतरच्या ईमेलमध्ये आयोजक संस्था आर्थिक अडचणीत असल्याचे, यंदाची तिकिटे पुढील वर्षी ग्राह्य धरली जाणार असल्याचे आणि ज्यांना पैसेच हवे आहेत त्यांनी अर्ज भरल्यास ‘उपलब्धतेनुसार क्रमाने विचार’ केला जाणार असल्याचे लिहिले होते. त्यात तारीख नाही आणि जबाबदार व्यक्तीचे नावही नाही. कार्यालयाला कुलूप आहे आणि दूरध्वनी कोणी उचलत नाही.

आयोजकांना देशोधडीला लावावे अशी माझी इच्छा नाही. मराठीत स्वतःची गाणी लिहिणाऱ्या तरुण मुलांना या गावात व्यासपीठ देणारे लोक मोजकेच आहेत आणि त्यांत हे होते. परंतु साडेनऊ हजार रुपये ही आमच्या घरात लहान रक्कम नाही. पुढील वर्षाचे आश्वासन स्वीकारावे, अर्ज भरून वाट पाहावी, बँकेकडे जावे की ग्राहक आयोगाकडे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

कसब्यातील वकील

ताई, आपल्या चारही तिकिटांची किंमत सारखी असली तरी कायद्याच्या दृष्टीने ती दोन निरनिराळी प्रकरणे आहेत, कारण पैसे दोन निरनिराळ्या वाटांनी गेले आहेत. आयोजकाच्या खात्यात काही उरलेले नसेल, तर पैसे कोणत्या वाटेने गेले यावरच ते परत येणार की बुडणार हे ठरते.

कार्डाच्या दोन तिकिटांचे आधी पाहू. कार्डाने भरलेली रक्कम थेट आयोजकाच्या हातात पडत नाही. ती पेमेंट ॲग्रीगेटरच्या, म्हणजे ऑनलाइन पैसे गोळा करून देणाऱ्या मधल्या संस्थेच्या, एस्क्रो खात्यातून (पैसे तात्पुरते राखून ठेवण्याच्या वेगळ्या खात्यातून) जाते, आणि सेवा मिळाली नाही म्हणून आपण आपल्या बँकेकडे हरकत घेतली, म्हणजेच चार्जबॅक मागितला, की ती मागणी आयोजकाच्या बाजूच्या बँकेकडे, तिथून ॲग्रीगेटरकडे आणि तिथून आयोजकाकडे सरकते. आयोजकाने हात वर केले तर तो तोटा मधल्या संस्थांवर पडतो, आपल्यावर नाही. म्हणून दिवाळे निघाल्यावरही ही एक वाट उघडी असते. मात्र तिला मुदत आहे. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत ती सर्वसाधारणपणे १२० दिवसांची असते आणि कार्यक्रमाच्या ठरलेल्या तारखेपासून किंवा तो होणार नसल्याचे आपल्याला कळले त्या दिवसापासून मोजली जाते. आयोजकाच्या अर्जाचा ‘क्रमाने विचार’ होण्याची वाट पाहण्यात हेच दिवस निघून जातात. आज-उद्याच बँकेच्या ॲपमध्ये किंवा शाखेत ‘सेवा मिळाली नाही’ या कारणाखाली हरकत नोंदवा. सोबत तिकीट, खात्यातील नोंद आणि आयोजकाचे दोन्ही संदेश जोडा. बँकेने नकार दिला किंवा ३० दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, विनाशुल्क तक्रार करता येते.

याच कारणासाठी, पुढील वर्षीची तिकिटे मान्य असल्याचे कोठेही लिहून देऊ नका, त्या ईमेलमधील ‘स्वीकार’ या बटणावर बोटसुद्धा ठेवू नका. ते स्वीकारले की आपण पैशांऐवजी पर्यायी मोबदला मान्य केला, असे बँकेपुढे आणि आयोगापुढेही सांगता येते.

राजारामपुरीतल्या क्यूआर कोडचे प्रकरण अधिक नाजूक आहे. यूपीआय ॲपमधील व्यवहाराची नोंद उघडून पैसे कोणाच्या नावावर गेले ते पाहा. नोंद व्यापारी खात्याची असेल, तर ॲपमधूनच ‘सेवा मिळाली नाही’ अशी तक्रार करता येते. तो कोड एखाद्या व्यक्तीच्या खासगी खात्याचा असेल, तर यूपीआयच्या बाजूने फारशी अपेक्षा धरू नका. पण तेच नाव पुढे पुराव्याच्या कामी येईल, तेव्हा स्क्रीनशॉट जपून ठेवा.

यानंतर समोरचा पक्ष नेमका कोण आहे हे शोधा, कारण पोस्टरवरचे नाव आणि कायद्यातले नाव बहुतेक वेळा वेगळे असते. तिकिटाच्या बिलावर जीएसटी क्रमांक असेल. तो जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की कायदेशीर नाव, पत्ता आणि व्यवसायाचे स्वरूप दिसते. एकट्याची मालकी किंवा साधी भागीदारी असेल, तर मालक किंवा भागीदार आपल्या खासगी मालमत्तेसह जबाबदार राहतात. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) असेल, तर जबाबदारी सहसा त्या संस्थेच्या मालमत्तेपुरती राहते. कंपनी असल्यास कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तिच्यावर कोणत्या बँकेचा बोजा नोंदलेला आहे तेही पाहून घ्या, कारण तारण ठेवून कर्ज दिलेली बँक आपल्या कितीतरी पुढे रांगेत उभी असते.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार आपण जिथे राहता त्या जिल्ह्याच्या आयोगापुढे, म्हणजे कोल्हापुरातच, तक्रार दाखल करता येते. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही, तक्रार ऑनलाइनही करता येते, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. तक्रारीत तिकीट विकणाऱ्या संकेतस्थळालाही सामनेवाला, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो पक्ष, करा. ‘आम्ही केवळ मध्यस्थ’ असे ते म्हणतील. ते कितपत टिकते ते आयोग ठरवील. पण ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत देणे आणि एका महिन्यात तिचे निवारण करणे त्यांच्या तक्रार अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे, तेव्हा पहिले पत्र त्यांना पाठवा. त्याच वेळी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद करून ठेवा. अनेक प्रकरणे त्या पातळीवरच मिटतात.

संकेतस्थळाला सामनेवाला करण्याचे आणखी एक कारण आहे. आयोजक कंपनी दिवाळखोरी संहितेखाली राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणात गेली, तर तिच्याविरुद्धची सर्व प्रकरणे स्थगित होतात. ही स्थगिती त्या कंपनीपुरती असते, तिकीट विकणाऱ्याला तिचा आडोसा मिळत नाही. वृत्तपत्रात दावे मागवणारी जाहीर सूचना आली, तर मुदतीत आपला दावा जरूर दाखल करा. सेवेसाठी आगाऊ रक्कम देणारा हा परिचालन धनको, म्हणजे धंद्याच्या व्यवहारातून कंपनीकडून येणे असलेला, ठरू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये कन्सॉलिडेटेड कन्स्ट्रक्शन विरुद्ध हित्रो एनर्जी या प्रकरणात म्हटले आहे. तरीही खरी परिस्थिती सांगायला हवी. कंपनी अवसायनात निघाली, म्हणजे तिची मालमत्ता विकून ती बंद करायची वेळ आली, तर संहितेच्या कलम ५३ प्रमाणे आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगार आणि तारणधारक धनको, मग इतर कर्मचारी, मग विनातारण कर्ज देणारे, मग सरकारी देणी, आणि त्यानंतर काही उरले तर आपण. कॅनडातील ब्रिटिश कोलंबियात २०१७ मध्ये पेम्बर्टन महोत्सवाच्या आयोजकांनी कार्यक्रमाला दोन महिने उरले असताना दिवाळखोरी जाहीर केली, तेव्हा तिकीटधारकांना असेच विनातारण धनकोंच्या रांगेत जावे लागले होते.

पोलिसांत जाण्याचा सल्ला आपल्याला अनेक जण देतील. फसवणुकीच्या गुन्ह्यासाठी पैसे घेताना मुळातच हेतू खोटा होता हे दिसावे लागते, केवळ धंदा बुडाला म्हणून तो गुन्हा होत नाही. बहामातील फायर फेस्टिव्हलच्या आयोजकाला २०१८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली ती गुंतवणूकदारांना आणि ग्राहकांना खोटी माहिती देऊन पैसे उकळल्यामुळे. आपल्या प्रकरणात, मैदानाची परवानगी किंवा कलाकारांशी करार झालेलाच नसताना तिकिटे विकली असे निघाले, तर तो मार्ग निश्चित खुला आहे. आज उपलब्ध माहितीवर मी तो प्रथम सुचवणार नाही.

रंकाळ्याकाठचा रसिक

मी माझ्या तीन तिकिटांचे पैसे मागणार नाही. १८८३ पासून देवल क्लब ही संगीतसंस्था चालवणारे हे गाव आहे, गायक अल्लादिया खाँसाहेबांना शाहू महाराजांनी इथे आश्रय दिला. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळाले तेव्हा माणसे रस्त्यावर उभी राहून रडत होती. अशा गावात चार तरुण पोरे पदरमोड करून नवे संगीत उभे करू पाहतात आणि पहिल्या तोट्याबरोबर आपण सगळे वसुलीसाठी दारात उभे राहिलो, तर पुढच्या वर्षी कोण धाडस करील? मग पुण्या-मुंबईच्या मोठ्या कंपन्याच कधी सवड झाली तर इकडे फिरकतील. प्रत्येकाने आपापल्या ऐपतीप्रमाणे ठरवावे, परंतु ज्यांना परवडते त्यांनी थांबावे अशी माझी विनंती आहे.

ध्वनिव्यवस्था, गोकुळ शिरगाव

काका, आपली भावना मला मनापासून पटते, कारण अशाच कार्यक्रमांवर माझ्या गोडाऊनमधली दहा-बारा मुले पोट भरतात. याच महोत्सवाचे स्पीकर आणि कन्सोल मी देणार होतो, इसार वगळता माझेही पैसे अडकले आहेत. तरीही आपण थांबल्याने हे पैसे कलाकारांकडे जातील अशी जी समजूत आहे, ती खरी नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

छोट्या आयोजकाकडे स्वतःचे भांडवल नसते. नावाजलेला कलाकार तारीख देतानाच निम्मी रक्कम घेतो आणि उरलेली मंचावर पाय ठेवण्यापूर्वी. जागेचे भाडे, मंडप, जनरेटर, सुरक्षारक्षक, पोलीस बंदोबस्ताचे शुल्क, गाण्यांच्या हक्कांचा परवाना, या सगळ्यांना आधी पैसे लागतात. प्रायोजक मात्र कार्यक्रम झाल्यावर, फोटो आणि अहवाल पाहून, दोन-तीन महिन्यांनी धनादेश काढतो. या दोन टोकांची तोंडमिळवणी तिकिटांच्या पैशांतून होते. ‘अर्ली बर्ड’ म्हणून जे स्वस्त तिकीट आपण सहा महिने आधी घेतो, ते त्या आयोजकाला दिलेले बिनव्याजी आणि विनातारण कर्ज असते, आणि ते कार्यक्रमाच्या कितीतरी आधी खर्च झालेले असते. त्यातच गेल्या काही वर्षांत लोक तिकीट शेवटच्या आठवड्यात काढू लागले आहेत. विक्री संथ दिसली की प्रायोजक मागे सरतो, तो सरला की कलाकाराचा दुसरा हप्ता चुकतो आणि पोस्टरवरचे मोठे नाव गेले की उरलेली विक्रीही थांबते. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे : ट्रस, म्हणजे मंचावरची धातूची चौकट, उतरवायला ट्रक मैदानावर पोहोचलेला, मंडपवाल्याची माणसे खड्डे खणत असलेली, आणि आयोजक कोपऱ्यात उभा राहून फोनवर कोणाकडे तरी हातउसने मागत असलेला. विम्याचाही इथे उपयोग होत नाही, कारण कार्यक्रम रद्द होण्याचा विमा वादळ, पाऊस, कलाकाराचे आजारपण अशा कारणांसाठी असतो. तिकिटे खपली नाहीत म्हणून तो सहसा भरपाई देत नाही.

हे केवळ आपल्याकडे घडते असेही नाही. ब्रिटनमधल्या स्वतंत्र महोत्सवांच्या संघटनेच्या, म्हणजे असोसिएशन ऑफ इंडिपेंडंट फेस्टिव्हल्सच्या, मोजणीनुसार तिथे २०२३ मध्ये ३६ आणि २०२४ मध्ये ७२ महोत्सव रद्द झाले, पुढे ढकलले गेले किंवा कायमचे बंद पडले. तिकिटावरचा मूल्यवर्धित कर तीन वर्षांसाठी २० टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणावा, अशी त्या संघटनेची मागणी होती. आपल्याकडे ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी लागत नाही, म्हणून लहान कार्यक्रमांची तिकिटे ४९९ रुपयांना असतात. दोन दिवसांचा, बाहेरच्या कलाकारांचा महोत्सव त्या दरात बसतच नाही.

आता काका, आपल्या तीन तिकिटांकडे येतो. आपण मागणी केली नाही तर ती रक्कम आयोजकाच्या खात्यात राहते, आणि ते खाते उद्या गोठले तर वकीलसाहेबांनी सांगितलेल्या क्रमाने ती आधी तारण घेतलेल्या बँकेकडे जाते. त्यातला एक रुपयाही त्या तरुण गायकाला किंवा माझ्या मुलांना मिळण्याची खात्री नाही. आपल्याला मदतच करायची असेल, तर आधी आपले पैसे सोडवून घ्या आणि मग ज्या बँडला ऐकायला आपण जाणार होता, त्यांचा शाहू स्मारकात किंवा एखाद्या लहान सभागृहात कार्यक्रम लावा. ध्वनिव्यवस्थेचे भाडे मी घेणार नाही.

मला खरा राग येतो तो पैसे कोठे ठेवायचे याचा कोणताच नियम नाही याचा. आपल्या जिल्ह्यात कारखान्याने ऊस नेला की चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, द्यावी लागते, उशीर झाला तर १५ टक्के व्याज लागते, आणि थकबाकी जमीन महसुलासारखी वसूल करता येते. शेतकऱ्यांनी त्या नियमासाठी आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी रस्ते अडवले. तिकीटधारकासाठी असे काहीच नाही. तिकिटांची रक्कम, निदान तिचा मोठा हिस्सा, कार्यक्रमाचे फाटक उघडेपर्यंत वेगळ्या खात्यात राहावी, एवढा नियम झाला तर आमच्यासारख्यांची उधारी वाढेल हे मला माहीत आहे, काही महोत्सव सुरूच होणार नाहीत हेही माहीत आहे. तरीही जो महोत्सव श्रोत्याच्या आगाऊ पैशांवाचून उभाच राहू शकत नाही, त्याची जोखीम त्या श्रोत्याला न सांगता त्याच्यावर टाकणे मला मान्य नाही.

रंकाळ्याकाठचा रसिक

पैसे बँकेकडे वळतील हे माझ्या लक्षात आणून दिल्याबद्दल आभार. तसे असेल तर मी मागणी नोंदवतो, आणि सभागृहाच्या भाड्याचा अर्धा वाटा माझा धरा. आयोजक मुलांनी मात्र समोर येऊन हिशेब मांडावा. लोक समजून घेतील, असे मला अजूनही वाटते.

शाहूपुरीची श्रोती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बँकेत हरकत नोंदवली आहे. यूपीआयची नोंद पाहिली, तर पैसे संस्थेच्या नावावर नसून एका व्यक्तीच्या नावावर गेले आहेत. संकेतस्थळाने कळवले की तिकिटाची मूळ रक्कम आयोजकाकडून मिळाल्यास परत करू, परंतु सुविधा शुल्क आणि कर परत मिळणार नाही. तीन प्रश्न आहेत. कर कापून घेणे योग्य आहे का? माझा भाऊ सांगलीहून आणि मावसबहीण बेळगावहून येणार होती, त्यांनी हॉटेलचे पैसे भरले होते, ते मागता येतील का? आणि आम्ही सगळ्यांनी मिळून एकच तक्रार करावी का?

कसब्यातील वकील

कर हा सेवेवर असतो आणि इथे सेवाच दिली गेलेली नाही. अशा वेळी आयोजकाला परतावा पावती किंवा क्रेडिट नोट काढून तो हिशेब सरकारशी मिटवण्याची सोय जीएसटी कायद्यात आहे, तेव्हा त्याचा भार आपल्यावर टाकण्याचे कारण नाही. ३६० रुपयांसकट पूर्ण २,३६० रुपये मागा. सुविधा शुल्काबाबत संकेतस्थळ म्हणेल की तिकीट काढून देण्याची त्यांची सेवा पूर्ण झाली. तो मुद्दा वादाचा आहे, पण मागणीत तो जरूर घाला.

हॉटेलचा खर्च नुकसानभरपाई म्हणून मागता येतो. हॉटेलने रक्कम परत केली नाही याचा कागद आणि खोली महोत्सवासाठीच घेतली होती हे दाखवणारी तारीख, या दोन गोष्टी हव्यात. तो बँकेच्या हरकतीत बसत नाही, आयोगापुढेच मागावा लागेल.

खासगी खात्यावर गेलेल्या ४,७२० रुपयांबाबत त्या व्यक्तीलाही नावानिशी सामनेवाला करा. तिकिटावर संस्थेचे नाव आणि पैसे मात्र दुसऱ्याच्या खात्यात, याचा खुलासा त्यांना करावा लागेल. अशा टेबलावरून तिकीट घेतलेल्या इतरांच्याही नोंदी त्याच नावावर निघाल्या आणि ती रक्कम संस्थेच्या हिशेबात आलीच नाही असे दिसले, तर पोलिसांकडे जाण्याविषयीचे माझे आधीचे मत बदलेल. म्हणून या धाग्यावरील ज्यांनी राजारामपुरीत क्यूआर कोडने पैसे दिले, त्यांनी आपापली नोंद तपासावी. नाव इथे जाहीर लिहू नये, मला खासगी संदेशातून कळवावे.

एकत्र तक्रारीसाठी कलम ३५(१)(ग) आहे. सारखेच हितसंबंध असलेल्या अनेक ग्राहकांच्या वतीने एक किंवा काही जण आयोगाच्या परवानगीने तक्रार करू शकतात. परवानगीचा अर्ज तक्रारीसोबतच द्यावा लागतो आणि त्यात सर्वांचे कारण, सामनेवाला आणि मागणी एकच आहे हे दाखवावे लागते. बहिणीला बेळगावच्या आयोगाकडे स्वतंत्रपणे जाण्याचा हक्क आहे, पण कागदपत्रे एकाच ठिकाणी असलेली बरी, तेव्हा तिनेही यात यावे. बँकेकडून ज्यांचे पैसे परत येतील त्यांनी तसे लगेच कळवावे, म्हणजे तेवढी रक्कम मागणीतून वगळता येईल.

नोटिशीचा मसुदा मी या रविवारी इथे टाकतो. त्यात तिकीट क्रमांक, व्यवहार क्रमांक, भरलेली रक्कम आणि पैसे भरण्याचा मार्ग यांसाठी जागा मोकळी असेल. ती प्रत्येकाने भरावी, नोटीस स्पीड पोस्टाने जीएसटी नोंदणीतल्या पत्त्यावर पाठवावी आणि पोस्टाची पावती सांभाळून ठेवावी. नोटिशीत उत्तरासाठी पंधरा दिवस देऊ. त्यानंतर तक्रार दाखल करू.